काँक्रीटच्या फुटपाथला तडे : कारणे आणि दुरुस्ती

काँक्रीट दाबाला भक्कम असते, ताणाला मात्र फारच कच्चे. जेवढा दाब ते सहज पेलते, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा ताण आला तरी त्याला भेग पडते. इमारतीच्या तुळईत हा ताण सळई घेते. फुटपाथचा थर जाडीला चार इंचच असतो, त्यात बहुधा सळई नसते आणि तो सगळा खालच्या जमिनीच्या भरवशावर पडून असतो. त्यामुळे जमीन खचली, काँक्रीट आकसले किंवा वर पेलवणार नाही एवढे वजन आले, की ताण सुटायला तड्याशिवाय दुसरी वाट उरत नाही. तड्यात सिमेंट भरून तेवढ्यापुरता तो झाकता येतो. पण ताण कशामुळे आला हे न शोधता केलेली डागडुजी नालासोपाऱ्यासारख्या ठिकाणी एक पावसाळाही काढत नाही.

या शहराची जमीनच मुळात फुटपाथला प्रतिकूल आहे. प्राचीन काळी इथे शूर्पारक नावाचे बंदर होते. त्याची खाडी गाळाने भरत गेली. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना पुढे जी वस्ती वाढली, तिच्यातला बराच भाग सखल शेतजमीन, खाजण आणि मिठागरांच्या शेजारच्या जागेत मातीचा व डबराचा भराव टाकून उभा राहिला. खाडीचा चिखल दाबला जायला वर्षानुवर्षे घेतो आणि त्यावरचा भरावही सगळीकडे सारखा बसत नाही. इमारती पायलिंगवर किंवा खोल पायावर उभ्या असतात. फुटपाथ आणि सोसायटीचे आवार मात्र थेट भरावावर असते. म्हणूनच जागोजागी इमारत जागेवर आणि तिच्या पायरीजवळचे आवार दोन-तीन इंच खाली, असे चित्र दिसते. पहिला तडाही तिथेच, भिंतीला समांतर जातो.

दुसरे कारण पाणी. जून ते सप्टेंबरमध्ये या पट्ट्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. मोठ्या पावसाची आणि भरतीची वेळ एक झाली, की गटारांचे पाणी खाडीत उतरत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकातले रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या होत्या, त्या दिवसांत आसपासचे रस्ते आणि फुटपाथही पाण्यात होते. साचलेले पाणी सांध्यांतून खाली उतरते आणि ओसरताना भरावातली बारीक माती बरोबर नेते. काँक्रीटखाली पोकळी तयार होते, ती वरून दिसत नाही. मग एखाद्या दिवशी टेम्पोचे चाक त्या जागेवर चढते आणि लादी मोडते. दोष टेम्पोला दिला जातो, पण लादी तोवर अधांतरीच असते.

गळकी जलवाहिनी किंवा फुटलेला ड्रेनेजचा पाइप हेच काम बाराही महिने करतो. उन्हाळ्यातही एखाद्या तड्यात ओल दिसत असेल किंवा तिथेच हिरवे शेवाळ धरत असेल, तर आधी प्लंबर बोलवावा, गवंडी नंतर.

तिसरे कारण माणसाने केलेले चर. पाण्याचा पाइप, विजेची केबल, गॅसची नळी, इंटरनेटची तार यांच्यासाठी फुटपाथ खणला जातो. चर बुजवताना निघालेलीच माती एकदम लोटून वर काँक्रीटचा पट्टा ओतण्याची पद्धत सर्रास दिसते. माती सहा-सहा इंचांच्या थरांत, थोडे पाणी मारून, धुमसाने किंवा कॉम्पॅक्टरने दाबली नाही तर ती पुढे आपोआप दबतेच. एक-दोन पावसाळ्यांत चराच्या दोन्ही काठांवर सरळ, समांतर तडे उमटतात. असा जोडतडा पाहिला की खाली चर आहे हे न खणताही ओळखता येते.

जमीन उत्तम असली तरी काँक्रीट स्वतः आकसतेच. आयएस ४५६ या भारतीय मानकात वाळताना होणाऱ्या आकसण्यासाठी ०.०००३ हे प्रमाण धरले आहे, म्हणजे दहा मीटर लांबीच्या पट्ट्यात तीन मिलिमीटर. तापमानात वीस अंशांचा फरक पडला तर तेवढ्याच लांबीत आणखी दोन मिलिमीटरची हालचाल होते. ही हालचाल थांबवता येत नाही. तिला जागा ठरवून द्यावी लागते आणि सांध्यांचे तेच काम असते. चार इंच म्हणजे १०० मिलिमीटर जाडीच्या फुटपाथला सांध्यांमधले अंतर जास्तीत जास्त अडीच-तीन मीटर ठेवतात. अरुंद फुटपाथला दीड ते दोन मीटर अधिक चांगले, कारण लादी जितकी चौकोनी तितकी ती कमी तडकते. सांधा जाडीच्या किमान पाव हिश्शापर्यंत, म्हणजे एक इंच तरी खोल हवा. ओल्या काँक्रीटवर थापीच्या टोकाने ओढलेली रेघ दिसायला सांध्यासारखी असते, पण उपयोगाची नसते. तडा तिच्या शेजारून जातो. कटर मशीनने सांधा कापायचा तर तो काँक्रीट कडा न तुटण्याइतके घट्ट होताच, उन्हाळ्यात साधारण सहा ते बारा तासांत कापावा. दोन दिवसांनी मशीन आणले तर तोवर काँक्रीटने आपला सांधा आपणच पाडलेला असतो.

मिश्रणातले जादा पाणी हा सगळ्यांत सर्रास आढळणारा दोष. काँक्रीट घमेल्यातून सहज ओघळावे, पसरायला सोपे जावे म्हणून बिगारी पाणी वाढवत जातो. सिमेंटच्या एका ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरते, आणि त्यात ओल्या रेतीतले पाणीही धरायचे असते. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते, त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. ताकद घटते, आकसणे वाढते. वर आलेल्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून गुरमाळा फिरवला की पृष्ठभाग त्या दिवशी आरशासारखा दिसतो आणि महिन्याभरात त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. वर्षभरात तोच थर पापुद्र्यांनी सुटतो.

ओतल्यानंतर पहिल्या काही तासांतच पडणाऱ्या भेगांचे कारण वारा असतो. कोकणकिनाऱ्याची हवा दमट, त्यामुळे इथे काँक्रीट लवकर सुकत नाही असा समज आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र सकाळी पूर्वेकडून, जमिनीवरून कोरडा वारा येतो. त्यात उघड्यावर ओतलेल्या काँक्रीटच्या पृष्ठभागातले पाणी खालून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उडते आणि एकमेकींना जवळपास समांतर, आखूड भेगा पडतात. अशा दिवसांत काम दुपारनंतर घ्यावे आणि पृष्ठभाग घोटून होताच प्लास्टिकने झाकावा.

खारेपणाचा प्रश्न या भागात वेगळा लक्षात घ्यायला हवा. अनेक ठिकाणी बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मचूळ असते. आयएस ४५६ प्रमाणे सळई नसलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालते, सळई असलेल्या काँक्रीटला मर्यादा फक्त ५०० मिलिग्रॅमची आहे. खाडीच्या न धुतलेल्या रेतीतूनही मीठ आणि शिंपले येतात. साध्या फुटपाथला यामुळे मोठे नुकसान होत नाही, पण जाळी किंवा सळई घातलेल्या कामात मीठ गंज सुरू करते. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या कित्येक पट फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येते. अशा कामाला धुतलेली रेती किंवा क्रश सँड आणि नळाचे गोडे पाणी वापरावे.

उरलेली कारणे थोडक्यात. गुलमोहर, पिंपळ, पर्जन्यवृक्ष यांची मुळे लादी खालून उचलतात. पायी चालणाऱ्यांसाठी केलेल्या चार इंची थरावर मोटारी आणि पाण्याचे टँकर चढतात. शिवाय लादीचा वरचा भाग खालच्यापेक्षा आधी वाळला, की वाळत्या पोळीप्रमाणे तिच्या कडा वर उचलल्या जातात आणि पाय पडताच कोपरे मोडतात.

दुरुस्तीपूर्वी तडा वाचावा लागतो. पहिला प्रश्न, तो हलता आहे की थांबलेला. तड्यावर आडवी पेन्सिलीची रेघ मारून दोन्ही टोकांना आणि रुंदीच्या ठिकाणी तारीख लिहावी. चिमूटभर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ ठिपका तड्यावर बसवला तर आणखी चांगले, कारण तडा हलला की ठिपका फुटतो. ही खूण ऑक्टोबरमध्ये केली आणि मार्चमध्ये पाहिली तर पावसानंतरचे बसणे संपले की नाही ते कळते. दुसरा प्रश्न, तड्याच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का. आडवी पट्टी ठेवून पाहावे. रुंदी वाढली पण पातळी तीच, तर कारण बहुधा आकसणे. एक बाजू खाली गेली असेल तर दोष जमिनीत आहे. तिसरी तपासणी कानाने होते. लोखंडी पहारेच्या टोकाने लादीवर फूटभर अंतराने हलके ठोके मारावेत. भरीव जागी आवाज घट्ट येतो, पोकळीवर तो घुमतो. आवाज बदलेल तिथे खडूने खूण करत गेले की पोकळीचा नकाशाच लादीवर तयार होतो.

केसाएवढी, ०.३ मिलिमीटरच्या आतली, थांबलेली भेग तशीच सोडावी. तिच्यावर सिमेंटचे पाणी फिरवण्यात पैसे घालवू नयेत. त्याहून रुंद पण न हलणारी भेग तारेच्या ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ करून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट स्लरीने किंवा पातळ इपॉक्सीने भरता येते. इपॉक्सी भरताना भेग कोरडी हवी, म्हणून हे काम पावसाळ्यानंतर दोन-तीन महिने थांबून करावे. हलत्या तड्यात इपॉक्सी किंवा सिमेंट भरणे मात्र चूक. भराव टिकला तर शेजारचे काँक्रीट तुटते आणि नवा तडा पडतो. तिथे ग्राइंडरने १० ते १२ मिलिमीटर रुंद खाच पाडावी, धूळ काढावी, तळाशी फोमची गोल दोरी म्हणजे बॅकर रॉड दाबावा आणि वर पॉलियुरेथेन सीलंट भरावे. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवावी. ते फक्त दोन्ही बाजूंना चिकटले पाहिजे, तळाला नाही, तरच ते रबरासारखे ताणले जाते. बॅकर रॉड त्यासाठीच असतो आणि कामगार नेमका तोच वगळतात.

तुटलेल्या कोपऱ्यावर किंवा खड्ड्यावर मसाला थापून कडा शून्यावर आणणे हा सर्वत्र दिसणारा प्रकार. अशी पातळ कड काही आठवड्यांत सुटते. खराब भागाभोवती कटरने सरळ चौकोन कापावा, आतले काँक्रीट छिन्नीने किमान दोन इंच खोल काढावे, कडा उभ्या ठेवाव्यात. जागा धुऊन रात्रभर ओली ठेवावी आणि सकाळी साचलेले पाणी पुसून घ्यावे, म्हणजे जुने काँक्रीट नव्यातले पाणी शोषणार नाही. लॅटेक्स मिसळलेली सिमेंट स्लरी ब्रशने घासून लावावी आणि ती ओली असतानाच १० मिलिमीटर खडीचे घट्ट काँक्रीट ठोकून भरावे. स्लरी वाळली तर ती जोडण्याऐवजी वेगळे करणारा थर बनते.

दोन लाद्यांमध्ये उंचीचा फरक पडला असेल तर त्याकडे तड्यापेक्षा जास्त लक्ष हवे, कारण वयस्क माणसे त्याच ठिकाणी अडखळून पडतात. अमेरिकेच्या अपंगसुलभतेच्या मानकांत पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतची उभी पायरी चालते, त्यापुढे उतार द्यावा लागतो. तेच माप इथे वापरायला हरकत नाही. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक ग्राइंडिंगने उतरता करता येतो. त्याहून जास्त असेल किंवा खाली पोकळी असेल तर लादी फोडून नवी ओतावी. भोके पाडून खालून सिमेंट-मातीचा रबडा दाबून लादी उचलण्याचे तंत्र परदेशात रूढ आहे, पण छोट्या तुकड्यासाठी इथे ते यंत्र मिळत नाही आणि मऊ भरावावर त्याचा भरवसाही कमी.

झाडाच्या मुळाने लादी उचलली असेल तर मुळावर कुऱ्हाड चालवू नये. आधाराची मुळे तुटली की झाड पहिल्या वादळात रस्त्यावर येते, शिवाय महाराष्ट्रातील शहरी भागांसाठीच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाडाला इजा करता येत नाही. खोडाभोवती किमान एक मीटर जागा उघडी करावी आणि त्या टप्प्यात पेव्हर ब्लॉक वाळूवर बसवावेत. मुळे वाढली की ते काढून पुन्हा लावता येतात.

या सगळ्यांहून वेगळे आणि खरोखर धोक्याचे प्रकरण म्हणजे गटारावरचा फुटपाथ. नालासोपाऱ्यात अनेक रस्त्यांच्या कडेला चालायची जागा म्हणजे पावसाळी गटारावरची आरसीसी झाकणे. ती जमिनीवर टेकलेली नसतात, दोन भिंतींवर आडवी पडलेली असतात, आणि त्यांचा सगळा ताण खालच्या बाजूच्या सळया घेतात. तिथे खालून सतत ओल आणि सांडपाण्याचा वायू लागतो. वरून झाकण धडधाकट दिसत असताना खालचे काँक्रीट गळून सळया उघड्या पडलेल्या असू शकतात. वरच्या बाजूला मधोमध आडवा तडा, गंजाचे तांबूस ओघळ किंवा पाय देताच जाणवणारी हालचाल यांपैकी एकही खूण दिसली, तर झाकणावर मसाला थापायचा नाही. त्याने ताकद वाढत नाही, धोका तेवढा नजरेआड होतो. तिथे अडथळा उभा करावा आणि झाकण बदलावे. पावसात गटार भरून वाहत असताना तुटलेले झाकण दिसत नाही आणि आत पडलेला माणूस वाहून जातो.

सोसायटीच्या आवारात किंवा दारासमोर लादी नव्याने ओतायची तर हिशोब अवघड नाही. सहा फूट बाय सहा फूट, चार इंच जाडीच्या लादीला एम २० दर्जाच्या १ : १.५ : ३ या प्रमाणात तीन गोण्यांपेक्षा थोडे कमी सिमेंट, सुमारे ५ घनफूट रेती आणि १० घनफूट खडी लागते. माप घमेल्यांच्या अंदाजाने न घेता ३५ लिटरच्या फर्म्याने घ्यावे, कारण एका गोणीतले सिमेंट आकारमानाने तेवढेच भरते. ओली रेती फुगलेली असते, तेव्हा फर्मा जरा चढता भरावा. काँक्रीट ओतण्याआधी जुना भराव निदान दहा इंच खोदावा. चिखल लागला तर तो काढून टाकावा, त्यावर डबर दाबू नये. सहा इंच मुरूम दोन थरांत, पाणी मारून, पाय रुतणार नाही इतका दाबावा. त्यावर प्लास्टिकचा कागद पसरून फर्मे बसवावेत आणि गटाराच्या दिशेने ५० ला १ असा उतार ठेवावा. इमारतीची भिंत, खांब आणि चेंबर यांच्याभोवती अर्धा इंच फोमची पट्टी लावावी, म्हणजे आवार खचले तरी भिंतीला अडकून तडकणार नाही. गाडी जाते तिथे जाडी सहा इंच हवी. एक सोडून एक लादी ओतली तर सांधे आपोआप मिळतात. शेवटचा हात खराट्याने द्यावा, गुळगुळीत घोटू नये. पावसात घोटलेल्या फुटपाथवरून पाय घसरतो.

मग पाणी मारण्याचे काम, जे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲशच्या पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा राखायचा असतो. बाजारात मिळणारी गोणी आज बहुधा पीपीसीचीच असते. सकाळ-संध्याकाळ नळीने शिंपडून भागत नाही, कारण दुपारी लादी वाळते. मातीची किंवा मसाल्याची आळी करून पाणी साठवावे किंवा ओले गोणपाट अंथरून ते वाळू देऊ नये. चालण्यासाठी लादी दोन दिवसांनी, दुचाकीसाठी आठवड्याने आणि टँकरसाठी २८ दिवसांनी मोकळी करावी.

कामाचा योग्य काळ नोव्हेंबर ते एप्रिल. मेच्या अखेरीस घाईने ओतलेल्या फुटपाथला आधी ऊन आणि मग थेट पहिला पाऊस मिळतो.

सार्वजनिक फुटपाथची जबाबदारी ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेची आहे. तो रहिवाशांनी स्वतः फोडू किंवा ओतू नये. प्रभाग समितीच्या कार्यालयात लेखी तक्रार देताना दुकानाचा किंवा इमारतीचा ठळक पत्ता, मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, तड्याची रुंदी, पातळीतला फरक आणि खाली गटार आहे की नाही हे लिहावे. काम अलीकडे झाले असेल तर कंत्राटाचा दोषदायित्व कालावधी संपला का, हे विचारावे. तो चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोग्या फुटपाथचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये धरला आहे. अर्जात त्याचा उल्लेख करावा, पोचपावती घ्यावी आणि अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा, म्हणजे कामाला पावसाआधीचे महिने हाताशी राहतात.